भिंतीवरील टीव्हीच्या वायरी झाकणे

भिंतीवर टांगलेल्या टीव्हीची विजेची वायर, सेट-टॉप बॉक्सकडून चित्र-आवाज आणणारी एचडीएमआय, डिशची वायर आणि इंटरनेटची लॅन वायर बाहेर लोंबकळू न देता खालच्या युनिटपर्यंत नेण्याचे काम. कोल्हापुरात ते इलेक्ट्रिशियन, गवंडी आणि सुतार यांच्यात विभागले जाते आणि आधी कोण आला यावर त्याचा दर्जा ठरतो. गिलाव्याआधी पाइप टाकला तर काम किरकोळ. रंग झाल्यावर आठवण झाली तर धुरळा, पुट्टी आणि भिंतीवर उठून दिसणारा ठिगळाचा रंग ठरलेला.

अमेरिकी व्हिडिओंत टीव्हीमागे एक भोक, खाली एक भोक आणि मधल्या पोकळीतून सोडलेली वायर दिसते. तिथल्या घरांत आतल्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते बसवून केलेल्या असतात. राजारामपुरीतल्या फ्लॅटची भिंत विटांची किंवा ब्लॉकची, म्हणजे भरीव. त्यामुळे कटरने दोन समांतर रेघा कापायच्या आणि छिन्नी-हातोड्याने मधला भाग फोडून झिरी मारायची. झिरी उभीच असावी. लांब आडवी झिरी भिंत कमकुवत करते, शिवाय पुढे फोटोसाठी खिळा ठोकणाऱ्याला आत वायर असेल अशी शंकाही येत नाही. कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही.

सगळ्यात जास्त चुकते ते पाइपचे माप. घरच्या वायरिंगचा 20 मिमी पीव्हीसी पाइप इथेही सवयीने टाकला जातो. त्यातून विजेच्या तीन तारा सहज जातात. एचडीएमआयच्या पिनचा मात्र नुसता धातूचा भागच सुमारे 14 मिमी रुंद, त्यावर प्लॅस्टिकची जाड मूठ. ती पाइपच्या तोंडाशीच अडते, आणि पिन कापून घरी पुन्हा जोडण्याची सोय नाही. म्हणून 40 ते 50 मिमीचा, कोपर न लावलेला सरळ पाइप घ्यावा आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवावी. पुढची वायर तिलाच बांधून ओढता येते. एवढा पाइप चार इंची भिंतीत बसवण्याचा हट्ट नको, तिथे सुताराकडून प्लायचे पॅनेल करून वायरी त्यामागून न्याव्यात.

230 व्होल्टची वायर स्वतंत्र पाइपमधूनच न्यावी. टीव्हीबरोबर आलेली लवचिक कॉर्ड किंवा एक्स्टेंशन बोर्डाची वायर गिलाव्यात पुरणे धोक्याचे आहे. टीव्हीमागेच अर्थिंगसह 6 अँपिअरचा सॉकेट हवा. तो टीव्ही टांगायच्या ब्रॅकेटच्या बाजूला घ्यावा. स्लिम ब्रॅकेटवर टीव्हीमागे जेमतेम इंचभर जागा उरते आणि थ्री-पिन टॉप (प्लग) तिथे मावत नाही.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांचे गणित निराळे. दगड-मातीच्या जाड भिंतीत झिरी मारायला गेले की माती ढासळत राहते, ब्रॅकेट धरणारा फास्टनरही (भिंतीत घट्ट बसणारा बोल्ट) टिकत नाही. तिथे टीव्ही लाकडी फळीवर घेऊन वायरींवर केसिंग-कॅपिंगची, म्हणजे भिंतीवरून जाणारी झाकणाची पट्टी मारणे हाच शहाणपणा. पट्टीला भिंतीचाच रंग दिला की चार फुटांवरून ती डोळ्यांत भरत नाही.

पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यातही हीच पट्टी बरी. 2019 आणि 2021 साली शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा अशा भागांत पाणी घरांत शिरले. भिंतीतल्या पाइपमध्ये गेलेला गाळ काढणे जिकिरीचे, आणि गिलावा वरून वाळला तरी आत ओल राहते. पट्टी मात्र उघडून पुसता येते. अशा घरांत सॉकेट आणि सेट-टॉप बॉक्स दोन्ही वर, टीव्हीच्या पातळीलाच घेतलेले चांगले.

बॉक्स टीव्हीमागे दडवला तर इन्फ्रारेड रिमोटचा सिग्नल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी आयआर एक्स्टेंडरची बारीक वायर मिळते. तिचा डोळा टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवतात. बॉक्स तापतो, तेव्हा त्याच्याभोवती हवा खेळेल एवढी मोकळी जागा पॅनेलमध्ये ठेवावी लागते.