मूल न होण्याची कारणे : तपास पुरुषापर्यंत उशिरा का पोहोचला

ग्वाल्हेरच्या गादीवर लागोपाठ दोनदा दत्तक बसला. १८२७ मध्ये दौलतराव शिंदे गेले तेव्हा त्यांना औरस मुलगा नव्हता, म्हणून त्यांच्या विधवा पत्नी बायजाबाईंच्या पुढाकाराने जनकोजीराव आले. १८४३ मध्ये जनकोजीही वारसाविना वारले आणि त्यांच्या विधवा पत्नी ताराबाईंनी जयाजीरावांना दत्तक घेतले. मुलगा नसणे आणि मूलच न होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यांत काय किंवा साध्या घरात काय, पाळणा हलला नाही की बोट सुनेकडेच वळे. 'वांझोटी' हा शब्द बायकांसाठीच राहिला.

विज्ञानाचा क्रम मात्र उलटा आहे. शुक्राणू लेव्हेनहूकने १६७७ मध्येच सूक्ष्मदर्शकातून पाहिले. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज फॉन बेअरला दिसले ते १८२७ मध्ये, दौलतराव वारले त्याच साली. तरीही गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाही हे वायू सोडून पाहण्याची रुबिन यांची तपासणी १९२० च्या सुमारास आली, आणि शुक्राणूंची संख्या मोजून वंध्यत्वाशी तिचा संबंध मॅकोंबर व सँडर्स यांनी दाखवला तो १९२९ मध्ये. म्हणजे बाईच्या नळ्या आधी तपासल्या गेल्या, पुरुषाची मोजणी नंतर. आज साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा बाईकडच्या कारणासोबत, सापडते.

वीर्यतपासणी स्वस्त आणि वेदनारहित आहे, पण ती नीट व्हायला हवी. आधी २ ते ७ दिवस संयम. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत, तोही अंगाच्या उबेत. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वांत जास्त असतात. तेच सांडले तर अहवाल खोटाच खराब येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा अशी आहे : १.४ मिली वीर्य, दर मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, ४२ टक्के हालणारे. वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांपैकी तळाच्या ५ टक्क्यांची ही सीमा आहे, नापासाची रेघ नव्हे. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून ताप येऊन गेल्यावर लगेच काढलेला अहवाल फसवतो.

अंडकोशाला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी उष्णता लागते. तिथल्या शिरा फुगल्या (व्हेरिकोसील, बहुधा डावीकडे) की ती वाढते. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने मेंदूकडून येणारा आदेश थांबवतात आणि शुक्राणू बनणेच बंद होते. पुरुषार्थाच्या नावाखाली घेतलेले औषध बाप होण्याच्या आड येते, हे तरुणांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवे. वयात आल्यावर झालेला गालगुंडही कधी कधी वृषणांना कायमची इजा करतो.

बाईकडे सर्वाधिक आढळतो तो बीज सुटण्यातला बिघाड, आणि त्यात पहिला पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या गडबडीने बीज वेळेवर न सुटण्याचा विकार. स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये त्याचे वर्णन केले. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरकेही तपासावीत. बीज सुटले का, हे पाळीच्या अंदाजे ७ दिवस आधीच्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या रक्तातल्या पातळीवरून कळते. 'एकविसाव्या दिवशी' हा हिशोब २८ दिवसांच्या पाळीचा; ३५ दिवसांची असेल तर तो चुकतो.

आपल्याकडे एक कारण फार दडून राहते : जननेंद्रियांचा क्षयरोग. खोकला नाही, ताप नाही, पाळी कधी अगदी नियमित. आणि आत गर्भनलिका चिकटून बंद, गर्भाशयाचे अस्तर पातळ. नळ्यांचा एक्स-रे रक्तस्राव थांबल्यावर, बीज सुटण्याआधी काढतात. त्यात संशय आला तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. औषधांनी जंतू मरतो, पण बंद झालेली नळी बहुधा उघडत नाही. तेव्हा टेस्ट ट्यूबचा मार्ग उरतो, तोही अस्तर शाबूत असेल तरच.

वर्षभर नियमित संबंधांनंतर मूल राहिले नाही तर तपासाला जावे. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, आणि पहिल्याच भेटीला दोघांनी.