लेंट म्हणजे काय सोडायचं एवढंच नव्हतं

सोलापुरात ऊन तापायला लागतं त्याच सुमारास राखेचा बुधवार येतो, त्या दिवशी डोक्याला राख लावून लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू होतो, आणि चर्चमध्ये एकमेकांना पहिला प्रश्न असतो, यंदा काय सोडलंस? कुणी मटण, कुणी चहा, हल्ली कुणी मोबाईल. मला या प्रश्नाचं वाईट वाटत नाही, पण लेंटची सुरुवात इथून झाली नव्हती.

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत मोजलं तर 46 दिवस होतात, मधले 6 रविवार धरत नाहीत म्हणून 40. हे 40 येशूच्या अरण्यातल्या दिवसांवरून आले. पण मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात अरण्याच्या आधी काय आहे ते बघा. आधी बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं होणारा दीक्षाविधी, आधी आकाशातून वाणी की तू माझा लाडका पुत्र आहेस, तुझ्यावर मी खूश आहे, आणि मग अरण्य. तोवर येशूनं ना उपास केला होता ना एक चमत्कार. देवानं आधी आपलं म्हटलं, परीक्षा नंतर आली. माझ्यासाठी सगळं लेंट या क्रमात आहे.

पहिल्या शतकांतल्या चर्चनंही हा काळ बाप्तिस्म्याशीच जोडला होता. सुरुवातीला ईस्टरआधी एकदोन दिवसांचाच उपास असायचा, गावोगावी वेगळा. इ.स. 325 च्या निकियाच्या परिषदेच्या, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेच्या, नियमांत मात्र 40 दिवसांचा उल्लेख येतो. ईस्टरच्या रात्री ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा त्यांची ही तयारी, आणि सगळी मंडळी त्यांच्यासोबत उपास करायची. शिवाय मोठं पाप करून मंडळीबाहेर गेलेले लोक परत यायचे तेही याच दिवसांत.

पुढे तान्ह्या बाळांचे बाप्तिस्मे व्हायला लागले, मोठ्यांची तयारी मागे पडली आणि उरलं ते प्रायश्चित्त. राख आधी अशा परतणाऱ्या पापी लोकांसाठी होती, 1091 च्या इटलीतल्या बेनेव्हेंतोच्या चर्चसभेनंतर ती सगळ्यांच्याच डोक्यावर आली. राख लावताना म्हणतात ते तू माती आहेस हे ऐकायलाच पाहिजे, पण लाडका आहेस हे ऐकू येईनासं झालं, आणि मग माणूस स्वतःला देवाच्या नजरेनं बघायचं सोडून शेजाऱ्याच्या नजरेनं मोजायला लागतो.

आपल्याकडे यात आणखी एक वळण आहे. अमेरिकन मराठी मिशन 1813 ला मुंबईत, 1831 ला अहमदनगरला आणि नंतर 1860 च्या दशकात सोलापूरला आलं, ते काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपणच बघायचा असं मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे लोक, त्यांच्या परंपरेत लेंटच नव्हतं. बायबलमध्ये सण सांगितलेला नाही मग पाळायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, यांच्यासोबत लेंट पाळणारी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली, मंडळीही त्यात आली, आणि लेंट दोघांच्या सामाईक कॅलेंडरचा भाग झाला. कॅथलिक घरांत तो होताच.

कॅथलिक चर्चनं 1960 च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मोठ्यांच्या बाप्तिस्म्याची जुनी तयारी परत आणली. त्यात लेंटच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी उमेदवारांसाठी योहानाच्या शुभवर्तमानातले तीन भाग वाचतात, विहिरीवरची शोमरोनी बाई, येशूनं दृष्टी दिलेला जन्मांध माणूस आणि मेलेला असून येशूनं उठवलेला लाजर. या शोमरोनी बाईला येशू तिचं सगळं आयुष्य सांगतो, तरी ती लाजून पळत नाही, उलट गावाला बोलवायला धावते. तिला पूर्ण बघितलं गेलं होतं आणि टाकलं नव्हतं.

जन्मांधाची गोष्ट वाचली की मला आपल्या गावातलं सेटलमेंट आठवतं. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, त्याखाली पारधी, कैकाडी अशा जमातींच्या लोकांना पुढे इथं तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, मूल जन्माला आलं की गुन्हेगार. कायदा 1952 ला रद्द झाला, नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. जन्मापासून सरकार, गाव, पोलीस सगळे एकाच नजरेनं बघत असले तर माणूस आरशात तरी दुसरं काय बघणार? योहानात शिष्यही तेच विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही आणि आईबापांनीही नाही. माणसाला दिसायला लागतं, तरी शेजारी विचारत बसतात की हा तोच का, तो पुन्हा पुन्हा सांगतो मीच तो, आणि शेवटी त्याला सभास्थानातून हाकलून देतात. हे येशूच्या कानावर जातं आणि तो त्याला शोधून काढतो.