कुणाची अभिक्रिया कुणाच्या चंबूत

‘जगातील आघाडीचे २ टक्के शास्त्रज्ञ’ अशी यादी दरवर्षी जाहीर होते आणि अभिनंदनाच्या पोस्टचा पाऊस पडतो. यादीमागचा हिशोब मुख्यतः एवढाच, की कुणाचे शोधनिबंध इतरांनी किती वेळा उद्धृत केले. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांकही त्याच पठडीतला. चाळीस निबंध प्रत्येकी किमान चाळीसदा उद्धृत झाले, की निर्देशांक ४०!

सेंद्रिय रसायनशास्त्रात माणूस मोठा ठरतो तो मात्र दुसऱ्याच कसोटीवर. त्याची अभिक्रिया परक्याच्या चंबूत चालते का? ‘ऑरगॅनिक सिंथेसेस’ हे १९२१ पासूनचे प्रकाशन तर प्रत्येक कृती आधी संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत करून बघते, मगच छापते. ग्रिन्यार, विटिग, सुझुकी ही नावे विद्यार्थ्यांना आधी अभिक्रिया म्हणून कळतात, माणसे म्हणून नंतर.

माझी लाडकी अभिक्रिया प्रोलीनची. प्रोलीन हे प्रथिनांतले एक साधे अमिनो आम्ल (वेष्टनावर ‘केमिकल-फ्री’ छापणाऱ्यांच्या अंगातही ते आहेच). उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रिया घडवणारा पदार्थ) म्हटले की धातू नाहीतर विकरे, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज. २००० साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत बेंजामिन लिस्ट आणि सहकाऱ्यांनी ॲसिटोन व नायट्रोबेन्झाल्डिहाइड यांच्यात नुसते प्रोलीन घातले.

पुढे काय होते ते सावकाश बघू. प्रोलीनचा नायट्रोजन ॲसिटोनच्या कार्बोनिल (ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या) कार्बनला जोडला जातो, पाण्याचा रेणू निघून जातो आणि इमिनियम आयन तयार होतो. त्याच्या शेजारचा कार्बन एक प्रोटॉन सोडतो, झाले एनामीन. आता नायट्रोजनची एकाकी इलेक्ट्रॉन जोडी त्या शेजारच्या कार्बनकडे झुकते, आणि एरवी थंड असणारा हा कार्बन अल्डिहाइडवर, म्हणजे त्या नायट्रोबेन्झाल्डिहाइडवर, चाल करून जातो. पण प्रोलीनच्या कार्बोक्सिल गटातल्या हायड्रोजनने अल्डिहाइडचा ऑक्सिजन हायड्रोजन बंधाने आधीच धरून ठेवलेला असतो. त्यामुळे नवा कार्बन-कार्बन बंध मुख्यतः एकाच बाजूने जुळतो. शेवटी पाणी परत येते, तयार रेणू सुटतो आणि प्रोलीन पुढच्या फेरीला मोकळे.

या रेणूची डाव्या-उजव्या हातांसारखी दोन प्रतिबिंबरूपे असतात. एरवी ती निम्मी-निम्मी मिळाली असती. इथे उत्पादन ६८ टक्के आले आणि त्यात रूपांचे प्रमाण ८८ ला १२. औषधातले एक रूप उपयोगी आणि दुसरे निकामी किंवा घातक असू शकते, त्यामुळे हा फरक फार मोलाचा.

गंमत म्हणजे प्रोलीनची ही करामत अगदीच नवी नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हायोश आणि पॅरिश यांनी, तसेच स्वतंत्रपणे शेरिंग कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी, स्टेरॉइडची कडी बांधताना प्रोलीनच वापरले होते. ती एका विशिष्ट रेणूपुरती युक्ती समजली गेली आणि जवळपास तीस वर्षे तशीच पडून राहिली. लिस्ट यांनी ती दोन सुट्या रेणूंवर चालवून दाखवली. त्याच वर्षी डेव्हिड मॅकमिलन यांनी वेगळ्या अमाइनने इमिनियमच्या वाटेवरून दुसरी अभिक्रिया साधली आणि छोटे सेंद्रिय रेणू उत्प्रेरक म्हणून वापरण्याच्या या पद्धतीला ‘ऑरगॅनोकॅटॅलिसिस’ हे नाव दिले. २०२१ चे नोबेल या दोघांना विभागून मिळाले. हायोश-पॅरिश यांच्यावर अन्याय झाला का? थोडा झाला, असे मला वाटते. पण त्यांची कृती वाचून इतरांना आपापले रेणू त्यात घालून बघावेसे वाटले नाही. लिस्ट यांची वाचून शेकडो प्रयोगशाळांना वाटले.