झूम करणं म्हणजे जवळ जाणं नव्हे

उपयोजित कला असो की मासमीडिया, फोटोग्राफीच्या पेपरात एक वाक्य हमखास येतं: ‘टेलिफोटो लेन्स पुढच्या-मागच्या वस्तूंमधलं अंतर दाबते, वाइड लेन्स ते ताणते.’ (टेलिफोटो म्हणजे दूरचं मोठं दाखवणारी लांब लेन्स, वाइड म्हणजे रुंद देखावा टिपणारी.) मुलं तसं लिहितात कारण नोट्समध्ये तसंच असतं, आणि तपासणाराही त्यावर बरोबरची खूण करून पुढे जातो. ती खूण मला सलते. अंतर दिसायला कमी-जास्त होतं ते आपण कुठे उभे आहोत त्यावरून. लेन्स त्यात काहीही करत नाही.

झूम सगळ्यांना येतो. रिंग फिरवली की फोकल लेंग्थ (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा) वाढते, दिसणारा कोन अरुंद होतो आणि चौकटीत उरलेलं सगळं एकाच पटीत मोठं होतं. डिजिटल झूम म्हणजे नुसती काटछाट, ऑप्टिकल झूममध्ये तपशील टिकतो, हेही आता शाळेतल्या पोरांना ठाऊक असतं. त्यावर तास खर्च करू नये.

तास खर्च करायचा तो ‘एकाच पटीत’ या दोन शब्दांवर. मुंबईत ओव्हल मैदानावर चला. समोर विद्यापीठाच्या फोर्ट आवारातला राजाबाई टॉवर, १८७८ साली पुरा झालेला, उंची साधारण ८५ मीटर. टॉवरपासून १५० मीटरवर वर्गातली एखादी मैत्रीण उभी करा, उंची समजा १.७ मीटर. तिच्यापासून २ मीटरवर थांबून, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चकतीचा) कॅमेरा उभा धरून २४ मिमी फोकल लेंग्थने फोटो काढा. सेन्सरवर मैत्रीण साधारण २० मिमी उंच येते आणि टॉवर साधारण १३ मिमी. म्हणजे अख्खा टॉवर तिच्यापेक्षा लहान.

आता मागे सरका, १० मीटरपर्यंत. मैत्रीण पूर्वीएवढीच दिसावी म्हणून १२० मिमी लावा. ती पुन्हा २० मिमी, पण टॉवरला आता ६४ मिमी लागतात आणि सेन्सरची लांब बाजू आहे ३६ मिमी. टॉवर चौकटीत मावतच नाही. मैत्रीण आहे तेवढीच, टॉवर मात्र जवळजवळ पाचपट झाला.

इथेच मुलं म्हणतात, ‘बघा, लेन्सने टॉवर पुढे ओढला!’ त्यांना मी अंतरं मांडायला लावतो. तुम्ही ८ मीटर मागे आलात. मैत्रिणीपासूनचं अंतर २ वरून १० झालं, म्हणजे पाचपट. टॉवरपासूनचं १५२ वरून १६० झालं, म्हणजे जेमतेम पाच टक्के वाढ. मैत्रीण पाचपट लहान व्हायला हवी होती आणि टॉवर होता तसाच राहायला हवा होता. लेन्सने दोघांनाही सरसकट पाचपट मोठं केलं. मैत्रीण मूळ मापावर आली आणि टॉवर उगाचच फुगला. दोघांमधलं प्रमाण बिघडलं ते तुमच्या पायांनी.

कुणाला अजून पटत नसेल तर १० मीटरवरच उभं राहून २४ मिमीने आणखी एक फोटो घ्यायला सांगावं आणि संगणकावर लांबीचा आणि रुंदीचाही मधला पाचवा भाग ठेवून बाकीचं कापायला लावावं. १२० मिमीच्या फोटोतलं मैत्रीण-टॉवर प्रमाण जसंच्या तसं मिळतं. फरक फक्त दर्जाचा: २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा जेमतेम १ मेगापिक्सेल उरतो. लांब लेन्ससाठी पैसे मोजायचे ते त्या तपशिलासाठी.

सेल्फीत नाक मोठं येतं त्याचंही खापर लेन्सवर फुटतं. नाकाचा शेंडा कानांपेक्षा साधारण १० सेंटिमीटर पुढे असतो. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर कान ४० वर, म्हणजे कानांच्या तुलनेत नाक तेहतीस टक्के मोठं दिसणार. तेच दीड मीटरवरून सात टक्केसुद्धा नाही. म्हणून पोर्ट्रेटला ‘८५ मिमी घ्या’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. ‘दीड-दोन मीटर लांब राहा’ हे आधी सांगावं. लेन्स मग चौकटीच्या सोयीने निवडता येते.

गंमत म्हणजे चित्रकलेतून आलेल्या मुलांना हे मुळात माहीत असतं. इंटरमिजिएटला स्थिरचित्र काढताना बसायची जागा बदलली की तांब्या आणि फळांचं नातं बदलतं, हे त्यांनी पेन्सिलीने गिरवलेलं असतं. कॅमेरा हातात आला की विसरतात. मला त्याचं कारण दिसतं ते फोटोसोबत दिसणाऱ्या माहितीच्या ओळीत. फोकल लेंग्थ, अपर्चर, शटर, आयएसओ सगळं तिथे आपोआप उमटतं. फोटोग्राफर कुठे उभा होता, ते त्या ओळीत नसतं. जर्नलमध्येही मुलं तीच ओळ उतरवतात आणि आपण ती चालवून घेतो.

म्हणून पहिल्या सत्रात झूम लेन्स हातात देऊच नये, या मताचा मी आहे. ३५ किंवा ५० मिमीची एकच लेन्स, आणि प्रत्येक प्रिंटखाली विषयापासून किती पावलांवर उभे होतात ते लिहिणं सक्तीचं. प्रात्यक्षिक एकच पुरे: एकच चेहरा १, ३ आणि १० मीटरवरून घ्यायचा, नंतर कापून तिन्ही चेहरे सारख्या आकाराचे करायचे आणि शेजारी शेजारी लावायचे. तोंडी परीक्षेत त्याच प्रिंट पुढ्यात ठेवून विचारावं, कुठली कुठून घेतली?

एक गोष्ट मात्र खरोखर वाइड लेन्सच्या रुंद कोनाशी जोडलेली आहे. ग्रुप फोटोत कडेला उभे असलेले लोक आडवे पसरतात, त्यांची डोकी अंड्यासारखी होतात. एवढा रुंद देखावा सपाट सेन्सरवर सरळ रेषा सरळ ठेवून बसवायचा म्हटलं की कडा ताणल्या जाणारच. त्यावर उपाय म्हणजे मागे जागा असेल तर मागे जाऊन ५० मिमीने घ्या, नसेल तर दोन रांगा करा आणि कडेला थोडी भिंत सोडा.