जुन्या सोलरची क्षमता वाढवताना अर्ज कुठे अडतो

आठ-दहा वर्षांपूर्वी छतावर 1 किंवा 2 किलोवॅटचे सोलर बसवलेल्या घरांना आता युनिट कमी पडू लागले आहेत. एसी आला, स्कूटर चार्जिंगला लागली आणि इन्व्हर्टरही थकला. मग 'पीएम सूर्यघर' या छतावरच्या सोलरला सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या पोर्टलवर क्षमतावाढीचा अर्ज जातो आणि बऱ्याचदा परत येतो. अर्ज भरणे अवघड नाही. जुन्या यंत्रणेची नोंद आणि नवा अर्ज यांचा मेळ बसत नाही, हे परत येण्याचे मोठे कारण आहे.

त्याआधी दुरुस्ती आणि क्षमतावाढ वेगळी करा. सबसिडी फक्त वाढीव क्षमतेला मिळते. जुने 2 किलोवॅटचे पॅनल काढून तेवढेच नवे लावले, तर एक रुपयाही मिळत नाही. महाराष्ट्रात स्वच्छ उन्हात 1 किलोवॅटमागे दिवसाला साधारण 4 युनिट निघतात. तुमचे 2 किलोवॅट 5 युनिटवर आले असेल, तर नवे पॅनल घेण्याआधी दोष शोधा. पॅनल धुवून पाहा. एमसी-फोर कनेक्टर (पॅनलच्या केबल जोडणारे प्लग) काळपटलेत का, पॅनलकडून येणाऱ्या केबलच्या डीसी बॉक्समधल्या एसपीडीची (विजेच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या उपकरणाची) खिडकी लाल झाली आहे का, हे तपासून घ्या. पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टरवर 'आयसोलेशन'चा, म्हणजे वीजगळतीचा, एरर येऊन दुपारी आपोआप जात असेल, तर कुठेतरी केबल सोलली आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे. ऐन दुपारी 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' दाखवून इन्व्हर्टर बंद पडत असेल, तर दोष बहुधा लाइनच्या व्होल्टेजचा असतो. त्याची लेखी तक्रार महावितरणकडे करा. हा दोष तसाच ठेवून पॅनल वाढवले, तर इन्व्हर्टर आणखी वेळा बंद पडेल.

सबसिडीचा हिशेब असा: पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 रुपये, तिसऱ्या किलोवॅटला 18,000, म्हणजे कमाल 78,000. जुनी क्षमता धरून एकूण 3 किलोवॅटपर्यंतच हा लाभ आहे. आधीच 2 किलोवॅट असेल, तर पुढच्या एका किलोवॅटला 18,000 धरा. आधीच 3 असेल, तर क्षमता वाढवता येते, सबसिडी मिळत नाही. पॅनलची आणि इन्व्हर्टरची क्षमता यांत जी कमी, ती मोजली जाते. जुना 2 किलोवॅटचा इन्व्हर्टर तसाच ठेवून पॅनल 3 किलोवॅटचे केले, तर कागदावर तुमची वाढ शून्य. व्हेंडर 'इन्व्हर्टर चालेल, नंतर बदलू' म्हणाला, तर हा नियम त्याच्यापुढे ठेवा.

शिवाय जुन्या-नव्या पॅनलची जोडी एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेत, जमत नाही. जुना 250 वॅटचा पॅनल साधारण 8 अँपिअर देतो, नवा 540 वॅटचा 13 च्या आसपास. एका माळेत लावले की सगळी माळ कमी अँपिअरवर चालते. दोन एमपीपीटीचा, म्हणजे दोन माळा स्वतंत्रपणे चालवणारा, नवा इन्व्हर्टर घेऊन जुन्या-नव्यांच्या माळा वेगळ्या ठेवाव्यात. नव्या पॅनलचे अँपिअर त्याच्या इनपुटला चालतात ना, हे डेटाशीटवर पाहूनच पैसे द्या.

आता सगळ्यांत नडणारा कागद: जुन्या यंत्रणेचा नेट मीटर करार (घेतलेल्या आणि ग्रिडला दिलेल्या विजेच्या हिशेबाचा वीज कंपनीशी झालेला करार) आणि कार्यान्वयन अहवाल, म्हणजे यंत्रणा सुरू झाल्याची नोंद. बहुतेकांकडे तो नसतो; त्या वेळी व्हेंडरने फाइल स्वतःकडे ठेवली आणि पुढे दुकान बंद केले. आपल्या उपविभाग कार्यालयात बिलाच्या प्रतीसह लेखी अर्ज देऊन प्रत मागा आणि पोच घ्या. तोंडी विचारले की 'शोधून सांगतो' एवढेच उत्तर मिळते. प्रत मिळाली नाही, तर माहिती अधिकारात मागा; तिथे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ग्राहकाने हा कागद वर्षानुवर्षे जपावा आणि कार्यालयाने स्वतःचीच नोंद मागावी, हे संतापजनक आहे, पण सध्या व्यवहार असाच चालतो. जुन्या पॅनलचे सिरीयल नंबरही मागितले जातात. मागचा स्टिकर उन्हाने पांढरा पडला असेल, तर समोरच्या काचेखाली, कडेजवळ बारकोडची बारीक पट्टी असते का पाहा. तिचा मोबाइलवर जवळून फोटो घ्या.

दुसरी अडचण नावाची. वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, तर सोलरचा अर्ज करूच नका. आधी महावितरणकडे नावबदल करा. मृत्यू दाखला, वारसांची संमती आणि घराचा उतारा तयार ठेवा. बिल, आधार आणि बँक खाते यांवरचे नाव एकसारखे असू द्या; बिलावर 'रामचंद्र' आणि खात्यावर 'आर. व्ही.' असले की पैसे अडकतात. फ्लॅट असेल, तर छतासाठी सोसायटीची लेखी संमती लागते. थकबाकी असेल, तर आधी भरा.

मंजूर भाराबाबत (तुमच्या जोडणीला मंजूर असलेल्या किलोवॅटबाबत) घाबरवणारे बरेच भेटतात. 22 फेब्रुवारी 2024 च्या नियम-दुरुस्तीनुसार 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक पाहणी लागत नाही, आणि त्यासाठी लागणारा भारही वितरण कंपनीनेच वाढवायचा असतो. 'आधी भारवाढीचा वेगळा अर्ज करा' असे कुणी सांगितले, तर हा नियम लेखी दाखवा. दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

पुढचे सरळ आहे: पोर्टलवर 12 अंकी ग्राहक क्रमांक टाका, नोंदणीकृत व्हेंडर निवडा, काम झाले की फोटो आणि सिरीयल नंबर चढवा, मीटर आणि तपासणी होऊ द्या, मग बँक तपशील भरा. नवे पॅनल 'डीसीआर', म्हणजे भारतातच बनलेल्या सेलचे, असल्याशिवाय सबसिडी नाही. स्वस्तात दिलेला पॅनल बऱ्याचदा डीसीआर नसतो, म्हणून बिलावर तो शब्द आणि सिरीयल नंबर लिहून घ्या.

मुदतीचा घोळही इथेच होतो. योजना आर्थिक वर्ष 2026-27 पर्यंत आहे. म्हणजे 31 मार्च 2027, डिसेंबर नव्हे. शिवाय अर्ज करून भागत नाही, काम, मीटर आणि तपासणी हे सगळे त्याआधी उरकायला हवे. मीटर आणि तपासणीच्या तारखा तुमच्या हातात नसतात, त्यामुळे शेवटच्या तिमाहीवर भिस्त ठेवू नका.

क्षमतावाढीनंतरच्या पहिल्या बिलात निर्यात युनिट, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज, इन्व्हर्टरच्या ॲपशी ताडून पाहा. निर्यात शून्य दिसली, तर मीटरची नोंद बिलिंगमध्ये चढलेली नसू शकते. त्याच महिन्यात मीटरच्या डिस्प्लेचा फोटो जोडून तक्रार करा.