गंजलेलं सस्पेन्शन आणि रिकॉल: नकार का मिळतो, कागद काय लागतात

रस्त्यावरच्या मिठाने सस्पेन्शन गंजलं म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल केल्या, अशी बातमी मोबाइलवर येते. मॉडेल आपलंच, लोअर आर्मला (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला) गंजही दिसतोय, म्हणून माणूस बातमी घेऊन शोरूम गाठतो आणि हात हलवत परत येतो. ती बातमी अमेरिकेची किंवा कॅनडाची असते. तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर वेल्डच्या सांध्यांत शिरतं आणि लोखंड आतून खातं. असे रिकॉल तिथेही बहुतेकदा मीठ टाकणाऱ्या राज्यांपुरतेच असतात. इथे ते आपोआप लागू होत नाहीत.

आपल्याकडे आधार आहे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ चा. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. कंपनी स्वतःहून गाड्या परत बोलावू शकते किंवा सरकार तिला भाग पाडू शकतं. दुरुस्तीचा खर्च कंपनीचा, मालकाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही.

गाडी रिकॉलमध्ये आहे की नाही हे चासी नंबरावरून ठरतं. कंपनीच्या वेबसाइटवर आरसीवरचा १७ अक्षरी नंबर टाका. त्यात इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरं नसतात. ‘ओ’ वाटतोय तो शून्य असतो, ‘आय’ वाटतोय तो एक. या एका चुकीने यादीतली गाडीही यादीत नाही असं उत्तर येतं.

सरकारने लावलेल्या रिकॉलसाठी गाडी सात वर्षांच्या आतली लागते, त्या अटीचाही घोळ होतो. ती मुदत नोंदणीपासून नव्हे, उत्पादनाच्या किंवा आयातीच्या तारखेपासून मोजतात. उत्पादनाचा महिना आणि वर्ष आरसीवर असतं, ते बघा. कंपनी स्वतःहून त्याहून जुन्या गाड्याही बोलावू शकते, त्यामुळे गाडी जुनी आहे म्हणून नंबर तपासायचं सोडू नका.

कागद थोडेच: आरसी, ओळखपत्र, आणि दुसरा कोणी गाडी नेणार असेल तर मालकाचं पत्र. जुनी गाडी घेतलेल्यांनी मात्र आरसी आपल्या नावावर आणि मोबाइल नंबर अद्ययावत करून घ्यावा. नाहीतर कंपनीचं पत्र आधीच्या मालकाच्या घरी जातं.

आता खरी अडचण. गंज दिसला म्हणजे रिकॉल झाला असं नाही, उत्पादनातला किंवा डिझाइनमधला दोष दिसावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेली किंवा कोकणात समुद्राकाठी फिरलेली गाडी असेल, तर कंपनी गंजाचं खापर पाण्यावर फोडणारच. म्हणून पुरावा हवा, आणि नेमका तोच कोणाकडे नसतो. जॉबकार्डवर, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना भरतात त्या कागदावर, सर्व्हिस सेंटरचा सल्लागार ‘पुढून आवाज’ एवढंच लिहून मोकळा होतो. तिथेच थांबा आणि ‘डाव्या लोअर आर्मला वेल्डजवळ गंजून भोक’ असं लिहून घ्या. गाडी लिफ्टवर असतानाच भोकाचा आणि चासी नंबराचा फोटो काढा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाहेरच्या मिस्त्रीकडून काम करून घेतलं तर पक्कं बिल मागा आणि जुना आर्म भंगारात जाऊ देऊ नका. तो गेला की तुमची बाजूही गेली.

मग सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. एका तक्रारीवर सरकार रिकॉल लावत नाही, ठरलेल्या संख्येच्या तक्रारी जमाव्या लागतात. म्हणून प्रत्येकाने नोंदवायलाच हवी. शोरूममध्ये भांडून काहीच मोजलं जात नाही, आणि सामान्य माणसाला हे कोणी सांगतही नाही, याचा खरंच राग येतो.

नकार मिळाला तर तो लेखी मागा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं असेल तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून ती थांबत नाही.

आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, खड्ड्यात खालून ठोका ऐकू येत असेल, तर उत्तराची वाट बघत आंबा घाट उतरू नका. आधी गाडी लिफ्टवर घ्या.