यार्डांचा हिशेब: सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक कोण, या वादाची पार्श्वभूमी

जानेवारी १९८५. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर दोन माणसं चाळीस यार्ड धावायला उभी राहिली. एकाचं वय ४८, दुसऱ्याचं ३४. पहिला अमेरिकन फुटबॉलमधला जिम ब्राउन. त्याने मैदान सोडून जवळपास वीस वर्षं झाली होती. दुसरा फ्रँको हॅरिस, ज्याला सिअ‍ॅटलच्या संघाने काही महिन्यांपूर्वीच मोसमाच्या मध्यात मोकळं केलं होतं. हॅरिस ५.१६ सेकंदांत पोहोचला. ब्राउन मांडीचा स्नायू धरून ५.७२ सेकंदांत.

या शर्यतीमागे एक आकडा होता: १२,३१२. ब्राउनने कारकिर्दीत चेंडू घेऊन धावून मिळवलेले हे यार्ड. १९८४ च्या मोसमाआधी हॅरिस या विक्रमाच्या अगदी जवळ आला होता आणि ब्राउनला ते सहन होत नव्हतं. हॅरिस अंगावर टॅकल, म्हणजे धरून पाडायला येणाऱ्याची धडक, घेण्याऐवजी सीमारेषेबाहेर पळतो, असा त्याचा उघड आक्षेप होता. असा माणूस माझा विक्रम मोडणार असेल तर मीच पुन्हा मैदानात उतरतो, इथपर्यंत त्याची भाषा गेली होती. शेवटी हॅरिस १२,१२० वर थांबला, १९२ यार्ड कमी. ब्राउनचा मुद्दा मात्र मागे राहिला. किती धावलास, याच्याइतकंच कसा धावलास हेही मोजायचं का? अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधले सर्वोत्तम रनिंग बॅक कोण, हा वाद आजही याच प्रश्नाशी येऊन अडतो.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं, नाहीतर चेंडू समोरच्याकडे जातो. पुढे जायचे मार्ग दोन: चेंडू फेकणे किंवा चेंडू छातीशी धरून घुसणे. घुसणारा तो रनिंग बॅक. कबड्डीतला चढाई करणारा एकटा सात जणांत शिरतो, याला अकरा जणांमधून वाट काढायची असते. फरक एवढाच की याच्यापुढे धिप्पाड गड्यांची एक फळी, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, वाट मोकळी करत असते. मिळालेल्या यार्डात फळीचा वाटा किती आणि धावणाऱ्याचा किती, हे नेमकं वेगळं काढायची सोय नाही. निम्मा वाद तिथेच जन्मतो.

उरलेला अर्धा काळाचा. अमेरिकन फुटबॉलची मुख्य व्यावसायिक लीग असलेल्या एनएफएलची स्थापना १९२० सालची, पण वैयक्तिक आकडेवारीची अधिकृत नोंद १९३२ पासून होऊ लागली. त्यामुळे १९२५ साली शिकागो बेअर्समध्ये आला तेव्हा ज्याला पाहायला हजारो माणसं लोटली, त्या रेड ग्रेंजच्या भराच्या वर्षांचा पक्का हिशेब नाही. १९३४ मध्ये बेअर्सच्याच बीटी फेदर्सने एका मोसमात १,००४ यार्ड काढले. हजाराचा टप्पा ओलांडणारा तो पहिला. तेव्हापासून 'हजार यार्ड' ही चांगल्या रनिंग बॅकची खूण मानली जाऊ लागली. ती खूण आजही तशीच वापरतात, आणि ते मला पटत नाही. बारा सामन्यांच्या मोसमात हजार म्हणजे सामन्याला ८३ यार्ड. १९६१ पासून सामने चौदा झाले, १९७८ पासून सोळा, २०२१ पासून सतरा. आज सामन्याला ५९ यार्ड काढले तरी हजार होतात. हजार तोच, किंमत निराळी.

त्याहून मोठी उणीव आकड्यांच्या बाहेरची आहे. १९३४ ते १९४५ या बारा मोसमांत एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लिखित नियम नव्हता, मालकांनी दारंच बंद ठेवली होती. १९४६ मध्ये लॉस एंजलिस रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतलं आणि त्याच वर्षी प्रतिस्पर्धी लीगमधल्या क्लीव्हलँड ब्राउन्सने बिल विलिस आणि मॅरियन मोटली यांना घेतलं. मोटली तेव्हा २६ वर्षांचा होता. शंभर किलोंहून जड हा माणूस मुसंडी मारून धावायचा, क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याला, वाचवण्यासाठी ढाल व्हायचा आणि कधी कधी बचावातही खेळायचा. दोन्ही लीग मिळून त्याचे ४,७२० यार्ड आहेत, पण दर धावेमागे सरासरी ५.७ यार्डांची. एकूण यार्डांच्या यादीत तो फार खाली दिसतो. त्याची पहिली चार-पाच वर्षं कुणी हिरावली, हे त्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून यादी हातात घेणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

वादाला आजचं रूप दिलं ते मोटलीच्याच संघात १९५७ मध्ये आलेल्या जिम ब्राउनने. त्याच्या आधी एका मोसमातला सर्वाधिक यार्डांचा मान फिलाडेल्फियाच्या स्टीव्ह व्हॅन ब्युरनकडे होता, १९४९ मधले १,१४६. ब्राउनने १९५८ मध्ये १,५२७ केले, तेही बाराच सामन्यांत. नऊ मोसमांपैकी आठ मोसम तो लीगमध्ये पहिला राहिला, एकही सामना चुकवला नाही, आणि सामन्यामागे सरासरी १०४.३ यार्ड ठेवले. त्याच्यानंतर आलेल्या मोठ्या नावांपैकी कुणालाही पूर्ण कारकिर्दीत सामन्यामागे शंभराची सरासरी ठेवता आलेली नाही. १९६६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये एका चित्रपटाचं चित्रीकरण लांबलं, सराव शिबिराला उशीर झाला म्हणून संघमालकाने दंडाची धमकी दिली आणि तिशीतल्या ब्राउनने सरळ निवृत्ती जाहीर केली. पुढच्याच वर्षी क्लीव्हलँडमध्ये मुहम्मद अलीच्या पाठीशी उभं राहण्यासाठी त्याने कृष्णवर्णीय खेळाडूंची बैठक बोलावली. उतरती वर्षं त्याने प्रेक्षकांना दाखवलीच नाहीत. त्यामुळे त्याच्याशी तुलना होणारा प्रत्येक जण आपल्या थकलेल्या वर्षांसकट मोजला जातो आणि ब्राउन फक्त भरातला.

वॉल्टर पेटनने तो १२,३१२ चा विक्रम मोडला ७ ऑक्टोबर १९८४ रोजी, आपल्या १३६ व्या सामन्यात. ब्राउनला ११८ सामने लागले होते. ब्राउनचे पाठीराखे इथेच बोट ठेवतात आणि हिशेबाने ते बरोबर आहेत. तरीही माझ्यापुरतं उत्तर पेटन आहे. मिसिसिपीतल्या कोलंबिया गावचा हा मुलगा १९७५ मध्ये शिकागो बेअर्समध्ये आला तेव्हा संघ दुबळा होता आणि पुढची फळीही साधारणच. १९७७ मध्ये अंगात ताप असताना त्याने मिनेसोटाविरुद्ध एका सामन्यात २७५ यार्ड काढले. तेरा मोसमांत त्याचा एकच सामना चुकला, तोही पहिल्या वर्षी. सीमारेषेबाहेर पाऊल टाकून जीव वाचवणं त्याला मंजूरच नव्हतं. उलट शेवटच्या यार्डासाठी तो टॅकल करायला आलेल्यालाच धडक द्यायचा. दुसऱ्याच्या हातात चेंडू असला की हाच माणूस त्याच्यासाठी रस्ता साफ करायचा, झेल घ्यायचा, प्रसंगी चेंडू फेकूनही द्यायचा. त्याने फेकलेल्या आठ चेंडूंवर टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे गुण, झाले आहेत. ब्राउनने हॅरिसमध्ये जे शोधलं आणि त्याला सापडलं नाही, ते सगळं पेटनमध्ये होतं. १६,७२६ यार्डांवर तो थांबला आणि १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये यकृताच्या आजाराने, अवघ्या ४५ व्या वर्षी गेला.

त्याच वर्षीच्या जुलैत बॅरी सँडर्सने निवृत्ती घेतली होती, पत्रकार परिषद न घेता, आपल्या गावच्या, विचिटाच्या, वृत्तपत्राला फॅक्स पाठवून. पेटनच्या विक्रमाला १,४५७ यार्ड उरले होते, आणि आदल्या मोसमात त्याने १,४९१ काढले होते. म्हणजे नेहमीसारखा एक मोसम पुरला असता. सँडर्सची हुलकावणी ज्यांनी पाहिली त्यांना आकडे सांगायची गरज पडत नाही. तीन जण अंगावर आलेले असताना तो जागच्या जागी वळायचा आणि तिघेही हवेत हात मारत राहायचे. पण त्याच्या डेट्रॉइट लायन्सने त्याच्या दहा वर्षांत बाद फेरीचा एकच सामना जिंकला.

समकालीन एमिट स्मिथचं चित्र उलटं. डॅलस काउबॉइज, उत्तम क्वार्टरबॅक, भक्कम फळी आणि तीन सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यातले विजय. २००२ मध्ये त्याने पेटनला मागे टाकलं आणि १८,३५५ वर जाऊन थांबला. हा विक्रम आजही उभा आहे. 'फळीच्या जोरावर धावला' हा ठपका त्याच्यावर कायम बसतो आणि मला तो अन्यायाचा वाटतो. १९९३ मध्ये कराराच्या वादामुळे तो पहिले दोन सामने खेळला नाही. फळी तीच होती, क्वार्टरबॅक तोच होता, आणि डॅलस दोन्ही सामने हरलं. तो परतला आणि संघाने सुपर बोल जिंकला. त्याच मोसमाच्या अखेरच्या सामन्यात खांद्याचा सांधा निखळलेला असताना त्याने १६८ यार्ड काढले. नुसती फळी असती तर हे घडलं नसतं.

हेल्मेटशिवाय वेस्ट इंडिजच्या तोफखान्यासमोर उभा राहिलेला गावसकर मोठा की तेंडुलकर, हे भांडण आपल्या घरांत जसं शतकांच्या संख्येवर मिटत नाही, तसंच हेही. फ्रँक गोर सोळा मोसम टिकला आणि बरोबर १६,००० यार्डांसह एकूण यादीत तिसरा आहे, तरी त्याला पहिल्या पाचांत कुणी बसवत नाही. उलट गेल सेअर्स फक्त ६८ सामने खेळला, गुडघ्यांनी दगा दिला, आणि तरी ३४ व्या वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. एनएफएलने २०१९ मध्ये शंभराव्या मोसमानिमित्त सार्वकालिक संघ निवडला, त्यातल्या बारा रनिंग बॅकमध्ये सेअर्स आहे, मोटली आहे, गोर नाही. मार्शल फॉल्कही नाही, आणि त्याचं नसणं मला खटकतं.

कारण फॉल्क हा बदललेल्या खेळाचा मोठा साक्षीदार आहे. १९७८ मध्ये नियम बदलले. चेंडू झेलायला धावणाऱ्याला पाच यार्डांपलीकडे अडवता येईना आणि फळीतल्या गड्यांना हात पसरून, उघड्या पंजांनी अडवायची मुभा मिळाली. फेकून खेळणं सोपं झालं आणि हळूहळू धावण्याचा भाव उतरला. फॉल्कने १९९९ मध्ये धावून १,३८१ आणि झेलून १,०४८ यार्ड मिळवले. फक्त धावण्याचे यार्ड मोजणाऱ्या यादीत त्याचं निम्मं काम गळून पडतं.

पुढे पुढे तर संघमालकांनाच रनिंग बॅक महाग वाटू लागला. २०१३ आणि २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, पहिल्या फेरीत एकाही रनिंग बॅकला घेतलं गेलं नाही. तिशी गाठेपर्यंत यांची शरीरं झिजतात, मग मोठा करार कशाला, असा सरळ हिशेब. सेकॉन बार्कलीशी न्यूयॉर्क जायंट्सचं पैशांवरून जमलं नाही आणि तो २०२४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. तिथे पहिल्याच मोसमात २,००५ यार्ड आणि सुपर बोल.

एका मोसमातला विक्रम मात्र अजून १९८४ च्या एरिक डिकर्सनचा आहे, २,१०५ यार्ड, सोळा सामन्यांत. त्याने ज्याला मागे टाकलं त्या ओ. जे. सिम्पसनने १९७३ मध्ये २,००३ यार्ड चौदा सामन्यांत केले होते, त्यामुळे सामन्यामागचा मान अजून सिम्पसनकडे राहतो, जरी त्याच्यावरच्या खुनाच्या खटल्यामुळे त्याचं नाव आज यादीत घेताना अनेकांची जीभ अडखळते. बार्कलीला डिकर्सनला गाठायला शंभर यार्ड हवे होते, मोडायला १०१, आणि सतरावा सामना शिल्लक होता. बाद फेरी समोर असल्याने प्रशिक्षकांनी त्याला त्या दिवशी बसवून ठेवलं. डिकर्सनइतकेच, सोळा सामने खेळून त्याचा मोसम संपला.